शोनाग जवळजवळ

शोनाग मॅक्रेची आणि माझी ओळख एका हॅडॉकनं करून दिली. हॅडॉक हा खायचा मासा आहे, फेकायचा नव्हे, अशी माझी तोवर समजूत होती.

मी तेव्हा नुकताच आर्डक्रास्की या समुद्रकाठच्या गावात राहायला आलो होतो. माझं मूळ गाव खिंडीपलीकडच्या खोऱ्यात, म्हणजे आर्डक्रास्कीच्या हिशेबानं परदेशातच. घरमालकीण म्हणाली, "मंगळवारी जवळजवळ येते. मासे घ्यायचे तर तिच्याकडूनच घ्या." मला वाटलं, बाईंचं वाक्य अर्धवट राहिलं. मी उरलेल्या वाक्याची वाट पाहत उभा राहिलो, तर त्या आत निघून गेल्या.

मंगळवारी मासळीची पांढरी गाडी पुलापाशी येऊन थांबली. मागचं दार उघडलं, आणि आत बर्फाच्या ढिगामागे लालबुंद गालांची, वल्हं मारणाऱ्याचे दंड असलेली एक बाई दिसली. परक्या माणसानं दाखवावी तेवढी सगळी अदब गोळा करून, टोपी हातात घेऊन मी विचारलं, "आपणच का जवळजवळ?"

पुढचं मला तुटक आठवतं. ओहोटीची वेळ नसताना समुद्र मागे सरकला. चर्चच्या छपरावरचे कावळे उडाले ते दुसऱ्या रविवारपर्यंत परतले नाहीत. चरणाऱ्या मेंढ्यांनी आपापली कोकरं पोटाखाली घेतली. आणि लहान होडीएवढा एक हॅडॉक हवेतून आला आणि माझ्या डाव्या गालावर नांगर टाकून थांबला. त्या माशावर मी, घरमालकीण, तिचे दोन भाऊ आणि मांजर असा सगळ्यांचा आठवडा निघाला. मांजर तर नंतर कितीतरी दिवस माझ्या गालाकडे आशेनं बघत असे.

चूक माझी होती, पण अजाणतेपणाची होती. आर्डक्रास्कीत सगळेच मॅक्रे. जे मॅक्रे नाहीत ते मॅक्रेंच्या घरात दिलेले किंवा मॅक्रेंच्या घरातून आलेले. 'मिस्टर मॅक्रे' एवढंच लिहिलेलं पाकीट आलं तर ते पहिल्या घरात उघडलं जातं, दुसऱ्या घरात त्यावर चर्चा होते, आणि ज्याचं असेल त्याच्याकडे ते पोचेपर्यंत त्याला मजकूर तोंडी माहीत झालेला असतो. त्यामुळे प्रत्येकाला एक टोपणनाव लागतंच. लग्नात घाबरून 'हो' असं दोनदा म्हणाला म्हणून एक अ‍ॅलिस्टर दोनदा. आमच्या जुन्या पाद्र्याला 'थोडक्यात' म्हणत, कारण प्रवचनात तो शब्द आला की अर्धा तास बाकी आहे हे सगळ्यांना कळे. मला आजवर 'पलीकडचा' म्हणतात. मी युवक मंडळाची छोटी बस चालवतो, पण 'बसवाला' आधीच दुसरा कुणी होता. तो कधीच बस चालवत नसे, फक्त सगळीकडे बसत असे.

या नावांचा कायदा कडक आहे. नाव मागून मिळत नाही, आणि नको म्हणून सुटत नाही. आणि मुद्दाम बनवून कुणाला चिकटवायचं म्हटलं तर चिकटत नाही. गाव जे उचलेल ते नाव.

शोनागचं नाव गावानं उचललं ती हकिगत अशी. ती शाळेत असताना युवक मंडळाची दरवर्षीची एक दिवसाची चढाई बेन क्रास्की डोंगरावर गेली. शोनाग पायानं हरिणी आणि स्वभावानं तोफगोळा. धुकं दाट होतं. ती सगळ्यांना मागे टाकून वर गेली, दगडांची रास दिसली, तिच्यात आपला लाल मफलर खोचला आणि उड्या मारत खाली येऊन तिनं जाहीर केलं, की यंदा माथ्यावर पहिलं पाऊल मुलीचं पडलं. आता बेन क्रास्कीची खोड अशी, की त्याला दोन टोकं आहेत. अलीकडचं थोडं बुटकं. त्यावरही दगडांची रास आहे, आणि जुन्या कुंपणाचा एक गंजका लोखंडी खांब. तिथून मधल्या खाचेत उतरून, खडकाची एक धार चढून गेलं की खरा माथा लागतो. त्यावर रास आहे, खांब नाही. धुक्यात अलीकडचं टोक पुढचं झाकून टाकतं आणि स्वतःच माथा असल्याचा आव आणतं.

शिकारीच्या रानाच्या रखवालदाराचा मुलगा फार्कर मॅक्रे त्याच सहलीत होता. त्याला दोन्ही टोकं पाठ. खांबापाशी त्याला मफलर दिसला, त्यानं तो खिशात घातला आणि दिवसभर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये प्रथेप्रमाणे सूप वाढलं गेलं. सगळं गाव जमलेलं. पाद्र्यानं शोनागला उभं केलं, टाळ्या वाजल्या, तिच्या आईनं डोळे पुसले. मग फार्करनं खिशातून मफलर काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "हा खांबापाशी होता. शोनाग जवळजवळ पोचली होती."

सूप संपेपर्यंत बारसं झालेलं होतं.

शोनाग पुढच्याच आठवड्यात एकटी खऱ्या माथ्यावर जाऊन आली. सोबत घरचा कुत्रा होता, पण कुत्र्याची साक्ष कोण काढतो. त्यानंतर ती कितीदा गेली याचा हिशेब तिनंही ठेवला नाही. नाव तिच्याआधी खाली उतरून दारात बसलेलं असायचं.

बरं, ती पडली मासळीच्या धंद्यात. "शोनाग, हॅडॉक ताजे आहेत ना?" "सकाळचे आहेत." "म्हणजे जवळजवळ ताजे." हा विनोद आमच्या गावात रोज नव्यानं केला जातो आणि करणारा दर वेळी आपणच तो शोधून काढला अशा चेहऱ्यानं हसतो. तिचा नवरा मर्डो हा देवमाणूस, त्याला 'जवळजवळ नवरा' म्हणत आणि तोही हसे. म्हणून तिनं त्याच्याशी एक अख्खा हिवाळा अबोला धरला. लेकीच्या लग्नात जुना पाद्री वयोमानानं बोलून गेला, "जवळजवळ यांची कन्या." नवरदेव ग्लासगोचा. त्याला वाटलं, दत्तक असेल.

आणि फार्कर? त्याचं नाव पडलं फार्कर माथा. बापाच्या मागे रखवालदारी त्याच्याकडे आली, चर्चमध्ये वडीलधाऱ्यांच्या बाकावर जागा मिळाली, आणि मंडळाची चढाईही त्याच्याच हाती आली. शिंगाच्या मुठीची काठी घेऊन तो मुलांपुढे असा चाले, की डोंगर त्याच्या आजोबांनी बांधून ठेवला असावा. नाव मिळवण्यावर त्याचं भागलं असतं तर शोनागनं कदाचित सोडलंही असतं. पण तो दरवर्षी माथ्यावर मुलांना ती गोष्ट सांगे. एक मुलगी होती, तिला धीर नव्हता, ती खालच्या टोकावर फसली. त्यामुळे गावातली प्रत्येक नवी पिढी शोनागच्या नावाचा उगम शिकून खाली उतरे. पाढे विसरणारी मुलंही तेवढं विसरत नसत.

"एक दिवस," शोनाग मला हॅडॉक सोलताना सांगे. तोवर आमची मैत्री झाली होती, पण मासा तिच्या हातात असताना मी जरा अंतर ठेवूनच असे. "एक दिवस हा माणूस त्याच हॉलमध्ये सूप पुढ्यात असताना गार पडेल. नावसुद्धा काढून ठेवलंय मी त्याला. खांब. फार्कर खांब."

"नाव असं मुद्दाम ठेवता येत नाही."

"तू पलीकडचा. तुला काय कळतंय."

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट घडू लागली होती. मंडळाची सहल नेमकी धुक्याच्या दिवशी निघे. शनिवारी लख्ख ऊन पडलं की फार्कर म्हणे, वारा बरा नाही. पुढच्या शनिवारी हातभर अंतरावरचं दिसेनासं झालं की म्हणे, चला. गाव म्हणे, बिचाऱ्या माथ्याचं नशीबच ओलं. शोनाग काही म्हणत नसे. तिनं फार्करला चर्चच्या पायऱ्या उलट्या, कठडा धरून उतरताना पाहिलं होतं.

आणि मग त्या वर्षी इश्बेल नावाची एक चुरूचुरू बोलणारी मुलगी आईबरोबर मासे घ्यायला आली. मागच्या सहलीची बढाई चालली होती. "आम्ही माथ्यावर जॅम-पाव खाल्ला. मी तर खांबाला टेकून बसले होते."

शोनागच्या हातातली सुरी थांबली. "कशाला टेकून?"

"खांबाला. माथ्यावर असतो तो. गंजलेला. माझा कोट खराब झाला."

शोनागनं त्या दिवशी इश्बेलच्या आईला दोन बांगडे जास्त बांधून दिले. आईला वाटलं, ते खराब असणार.

त्याच संध्याकाळी शोनाग मंडळात नाव घालून आली. सहलीत मुली असल्या तर सोबत एक बाई हवी असा नियम आहे, आणि नेहमीच्या बाईंचा पाय मुरगळला होता. तो आपोआप मुरगळला असं मी अजूनही मानतो.

निघालो तो दिवस फार्करच्या पसंतीचा होता. धुकं, रिमझिम, आणि पायथ्याला चिलटांचे ढग. आर्डक्रास्कीची चिलटं दिसायला कस्पटाएवढी, पण त्यांनी चावून घोडे रडवले आहेत. बूट काळ्या चिखलात जात होते आणि तिथंच राहायचा हट्ट धरत होते. फार्कर पुढे काठी टेकत चालला होता.

"शोनाग, बऱ्याच वर्षांनी आलीस," तो म्हणाला. "झेपेल ना?"

"जवळजवळ," शोनाग म्हणाली.

मुलं खिदळली. फार्करही हसला. तो शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि चिलटांमुळे नव्हे पण माझ्या अंगावर काटा आला.

चढण संपली, दगडांची रास दिसली, आणि तिच्यापाशी खांब. फार्करनं काठी रोवली. "आलो. हा बेन क्रास्कीचा माथा." मुलांनी जल्लोष केला. त्यानं प्रथेप्रमाणे प्रत्येकाशी हात मिळवला, शोनागशीसुद्धा. तिनं तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग डबे उघडले आणि त्यानं गोष्ट काढली.

"माझ्या लहानपणी एक मुलगी होती. मी नाव घेत नाही."

"शोनाग," इश्बेल म्हणाली. "त्या इथेच बसल्यात."

"नाव घेत नाही म्हणालो ना मी."

"घे की," शोनाग पाव चावत म्हणाली. "मला सवय आहे. सगळं सांग, काही गाळू नकोस."

तिच्यादेखत, ज्या खांबापाशी ते घडलं त्याच खांबाला पाठ टेकून, हातानं खाली धुक्यात कुठेतरी दाखवत त्यानं सगळी गोष्ट सांगितली. शेवटी नेहमीचं तात्पर्य सांगितलं. डोंगर माणसाला फसवत नाही, माणूस स्वतःला फसवतो. शोनाग मान डोलावत होती. चांगलं कीर्तन ऐकल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. गोष्ट संपल्यावर ती तोंड पुसून उठली आणि पिशवी खांद्याला लावली.

"मी जरा पुढे जाऊन येते."

"पुढे काही नाही," फार्कर म्हणाला. "उतार आहे फक्त."

"असू दे. उतार काय, उतरता येतो. सरळसुद्धा."

ती धुक्यात गेली. फार्करनं कान खाजवला, टोपी नीट केली, मग पुन्हा बिघडवली. मुलं चिखलाचे गोळे एकमेकांच्या मानेत घालत होती. बराच वेळ गेला. आणि मग धुक्यातून एक आवाज आला. पों. मासळीच्या गाडीवर असतो तो रबरी भोंगा. तो तिनं पिशवीत घालून आणला होता. गावात तो आवाज ऐकला की मांजरं रस्त्यावर येतात. तो आमच्या समोरून आला, आणि चांगलाच वरून आला.

इश्बेलनं मान वर केली. "मिस्टर मॅक्रे, माथ्याच्या वर काय असतं?"

"काही नसतं."

"मग ते 'काही नसतं' भोंगा वाजवतंय."

"प्रतिध्वनी असेल."

"कशाचा?"

पों, पुन्हा आलं. पाठोपाठ शोनागचा आवाज, बाजारात दर सांगावा तसा सुरात. "माथ्यावर या. माथा इकडे आहे. खांबापाशी बसलेल्यांनीही यावं."

मुलांना आवरणं मला शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर मी फार प्रयत्नही केला नाही. "तुम्ही घेऊन जा त्यांना," फार्कर माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी सामान सांभाळतो." सामान म्हणजे पावाचे तुकडे होते.

खाच उतरून खडकाची धार चढायला मुलांना काही वेळ लागला नाही. वर शोनाग रासेपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद चर्चमध्ये शिकवतात त्या जातीचा नव्हता. तिनं प्रत्येक मुलाशी हात मिळवला, सगळ्यांना थर्मासमधला चहा पाजला, आणि मग माझ्याजवळ येऊन बसली.

"एकटाच आहे ना तो?"

"हो."

"भिजतोय?"

"चांगलाच."

"मग बसू अजून थोडं."

आम्ही बसलो. गार वारा सुटला, मुलांचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हाच ती उठली.

परत आलो तेव्हा फार्कर खांबाला धरून उभा होता. मुलांना पुढे पाठवून तो हळूच म्हणाला, "गुडघा गेला गं."

"माहीत आहे. पायऱ्या उलट्या उतरतोस."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू कुठे बोलला होतास? मफलर खिशात घेऊन दिवसभर फिरलास. सूप येईपर्यंत."

त्यानं खांब सोडून काठी धरली. "सांगितलं असतं तर पोरांची चढाई सोडून द्यावी लागली असती गं मला. दुसरं काय आहे मला आता."

"मला मासे होते," शोनाग म्हणाली. "जवळजवळ ताजे."

उतारावर तिनं त्याला हात दिला नाही. पण ती त्याच्या अगदी पुढे चालली, आणि जिथे पाय ठेवायचा तिथे आपला पाय जरा जास्तच जोरात आपटून ठेवत गेली. ही मदत होती की धमकी, हे मला कळलं नाही. मला वाटतं, तिलाही नसावं.

हॉलमध्ये बार्लीचं सूप वाढलं गेलं. पाद्री नवा आणि तरुण होता, त्यामुळे खुशाल प्रश्न विचारायचा. "काय, मिस्टर मॅक्रे, सगळे माथ्यावर पोचले ना?"

फार्कर उठला. "मुलं सगळी पोचली. एकूण एक."

"मुलं," शोनाग आपल्या जागेवरून म्हणाली. तिनं चमचा बाजूला ठेवला होता. "आणि तू रे, फार्कर?"

चमचे थांबले. इतकी वर्षं ती ज्या शांततेची वाट पाहत होती ती हीच होती. तिचे ओठ 'खांब' या शब्दाच्या आकारात तयार होते, मी समोरच बसलो होतो. फार्करनं पाद्र्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसणारा माणूस चर्चच्या हॉलमध्ये खोटं बोलू शकत नव्हता आणि खरं पूर्ण बोलवत नव्हतं. तो म्हणाला, "मी... जवळजवळ."

पहिल्यांदा बहुधा अ‍ॅलिस्टर दोनदा हसला. मग सगळा हॉल. कुणाच्या नाकातून सूप आलं, कुणाचा बाक उलटला. शोनाग उभी राहून काहीतरी सांगत होती. "खांब," ती म्हणत होती, "अहो, खांब," पण कुणी ऐकत नव्हतं. गावानं आपल्याला हवं ते उचललं होतं.

बाहेर बसपाशी ती माझ्यावरच उखडली. "माझं नाव घेतलं त्यानं."

"पण तुला ते नकोच होतं ना?"

"नको असलं तरी माझं होतं."

त्या रविवारपासून गावात दोन जवळजवळ झाले, आणि घोटाळा नको म्हणून शोनागला 'थोरली जवळजवळ' म्हणायला लागले. ती अजून मासे विकते. ताजे की थोरले, असा नवा विनोद निघाला आहे. फार्कर त्याच शरद ऋतूत लेकीकडे इन्व्हर्नेसला राहायला गेला. लेकीचं घर तळमजल्यावर आहे, आणि शेजारी त्याला मिस्टर मॅक्रे म्हणतात.